जुनी स्पोर्ट्स कार, वेगवान महामार्ग : मागच्या ॲक्सलचे गणित

एमजी टीडी ही १९५० साली बाजारात आलेली दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना तिचे इंजिन मिनिटाला सुमारे ४,३०० फेरे घेते. गाडी धावते, तक्रार करीत नाही; पण तासाभराच्या प्रवासानंतर चालकाचे कान बधिर झालेले असतात आणि तेलाचा दाब दाखविणारा काटा सकाळपेक्षा खाली उतरलेला असतो. आणखी एखादा गिअर असायला हवा होता, असे चालकाला राहून राहून वाटते आणि हात नकळत गिअरच्या दांड्याकडे जातो. तो गिअर तेथे नसतो. मोटारीच्या मागच्या ॲक्सलमधील दातांचे गुणोत्तर बदलून ही उणीव काही अंशी भरून काढता येते. मात्र कोणते गुणोत्तर निवडावे, याविषयी जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये उत्साह जितका असतो तितका हिशेब नसतो. चुकीच्या निवडीने गाडी शांत होण्याऐवजी मंद होते, आणि ते कळेपर्यंत बराच पैसा खर्ची पडलेला असतो.

आकडा मोठा, वेग कमी

इंजिनाचे फिरणे गिअरबॉक्समधून लांब दांड्याने मागे जाते आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या गोल कोठीत शिरते. तेथे पिनियन हे लहान दातेरी चाक आणि क्राउन हे मोठे दातेरी चाक यांची जोडी असते. टीडीच्या पिनियनला ८ दात असतात आणि क्राउनला ४१. एक्केचाळीस भागिले आठ म्हणजे ५.१२५. पिनियन ५.१२५ वेळा फिरले की मागची चाके एकदा फिरतात. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स काहीच फेरफार करीत नाही, त्यामुळे इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचा संबंध केवळ या दोन दातेरी चाकांवर ठरतो.

येथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो. मोठा आकडा म्हणजे मोठा वेग, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट असते. आकडा जितका मोठा, तितकी ओढ अधिक आणि एका वेगासाठी इंजिनाला घ्यावे लागणारे फेरेही अधिक. आकडा लहान केला की इंजिन निवांत होते, परंतु चाकांपर्यंत पोहोचणारी ओढ त्याच प्रमाणात घटते. हा सौदा टळत नाही.

हे आकडे अपूर्णांकात का असतात, हेही जाणून घेण्याजोगे आहे. ४१ आणि ८ यांना एकखेरीज समान विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एखादा दात क्राउनच्या त्याच त्या दाताला प्रत्येक फेरीत भेटत नाही. क्रमाने सगळ्यांना भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. एमजीए या पुढच्या मोटारीत ४३ आणि १० (४.३), नंतर ४१ आणि १० (४.१), तर एमजीबीमध्ये ४३ आणि ११ (३.९०९) अशा जोड्या आल्या. त्यांतही हेच पथ्य पाळलेले दिसते.

रस्ता बदलला, मोटार तीच राहिली

टीडीच्या रचनाकारांनी ५.१२५ हे गुणोत्तर अज्ञानातून निवडले नव्हते. इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचे, ताकद ५४ अश्वशक्ती, आणि रस्ते कुंपणांच्या मधून वळणे घेत जाणारे. अशा रस्त्यावर सरळ धावण्यापेक्षा वळणातून बाहेर पडताना मिळणारी उसळी महत्त्वाची. शिवाय ज्या घराण्यातून हे इंजिन आले, ते ब्रिटनमधील जुन्या मोटारकराच्या छायेत वाढलेले होते. तो कर सिलिंडरच्या व्यासावर आकारला जाई. साहजिकच कारखान्यांनी व्यास अरुंद आणि पिस्टनचा प्रवास लांब ठेवला. टीडीच्या इंजिनात व्यास ६६.५ मिलिमीटर, तर पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर आहे. महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत तो कर गेला. लांब हालचालीची इंजिने मात्र मागे राहिली.

मग रस्ते बदलले. ब्रिटनमध्ये एम-१ या मोटारमार्गाचा पहिला टप्पा नोव्हेंबर १९५९ मध्ये खुला झाला. त्यावर सुरुवातीला वेगमर्यादाच नव्हती. ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, आणि टीडी मोटारींपैकी बहुसंख्य तर अमेरिकेतच विकल्या गेल्या होत्या. ताशी ११३ किलोमीटर वेगाला टीडीचे इंजिन ४,८०० हून अधिक फेरे घेते. तिची कमाल ताकदच ५,२०० फेऱ्यांना मिळते. जी गाडी थोडा वेळ जोर लावण्यासाठी बनवली, तिच्याकडून तासन्‌तास जोर लावण्याची अपेक्षा होऊ लागली.

यातील धोका मोजण्याचे एक जुने माप आहे : पिस्टनचा सरासरी वेग. त्या काळातील ब्रिटिश मोटार नियतकालिके चाचणीच्या तक्त्यात पिस्टनचा वेग मिनिटाला २,५०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे १२.७ मीटर, असताना टॉप गिअरमध्ये गाडी किती वेगाने धावेल, याचा आकडा देत असत. दीर्घकाळ टिकवून धरण्याच्या वेगाची ती ढोबळ कसोटी मानली जाई. टीडी ताशी १०० किलोमीटरला ही रेषा किंचित ओलांडते. नव्याने बांधलेले, उत्तम तेलाचे इंजिन तेवढे सोसते. पण सत्तर वर्षांच्या क्रँकशाफ्टवर भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. आणि असा क्रँकशाफ्ट तुटला तर नुसता तोच जात नाही, बहुधा इंजिनाचा ओतीव सांगाडाही सोबत नेतो.

कारखान्यांनाही बदलत्या रस्त्यांची जाण होती. १९५३ च्या एमजी टीएफमध्ये गुणोत्तर ४.८७५ वर आले, १९५५ च्या एमजीएमध्ये ४.३ वर, आणि १९६२ च्या एमजीबीमध्ये ३.९०९ वर. ट्रायम्फ स्पिटफायरचीही हीच कथा आहे : १९६२ च्या पहिल्या मोटारीत ४.११, १९७० च्या मार्क चारमध्ये ३.८९, आणि ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या स्पिटफायर १५०० मध्ये ३.६३. मात्र या यादीतून सोयीचा तेवढाच धडा घेणाऱ्यांनी इंजिनांचे आकारही पाहावेत. एमजीचे इंजिन १,२५० वरून १,७९८ घनसेंटिमीटरवर गेले, स्पिटफायरचे १,१४७ वरून १,४९३ वर. गुणोत्तर खाली आले ते ताकद वर गेल्यावर.

टीडीसाठी कोणता आकडा?

टीडी आणि टीएफच्या मागच्या ॲक्सलच्या कोठीत एमजीए किंवा सुरुवातीच्या एमजीबीची क्राउन-पिनियन जोडी थोडे मशिनिंग करून आणि खास बनविलेली चकती घालून बसविता येते. त्यामुळे तीन पर्याय हाती येतात : ४.३, ४.१ आणि ३.९. त्याआधीच्या टीसी या मोटारीचा ॲक्सल निराळ्या घडणीचा असल्याने हे भाग त्यात चालत नाहीत.

ताशी १०० किलोमीटरला मूळच्या ५.१२५ गुणोत्तरावर सुमारे ४,३०० फेरे होतात, हे वर आलेच आहे. टीएफच्या ४.८७५ वर ते ४,१०० होतात. एवढ्यासाठी ॲक्सल खोलण्यात अर्थ नाही. ४.३ वर फेरे ३,६०० पर्यंत उतरतात आणि पिस्टनचा वेग सेकंदाला ११ मीटरच्या खाली येतो. ४.१ वर सुमारे ३,४५०, तर ३.९ वर ३,३०० फेरे. म्हणजे पहिल्या मोठ्या पायरीने सातशे फेरे वाचतात; त्यापुढच्या दोन पायऱ्या प्रत्येकी दीडशेच वाचवितात.

आता दुसरी बाजू. चाकांवर मिळणारी ओढ ४.३ ने सुमारे १६ टक्के घटते, ४.१ ने २० टक्के आणि ३.९ ने जवळपास २४ टक्के. टीडीच्या इंजिनाची ओढण्याची शक्ती २,६०० फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असते. ३.९ बसविलेली गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असताना इंजिन नेमके तेवढ्यावरच असते. समोरून वारा आला किंवा रस्ता थोडा चढू लागला की वेग उतरतो, फेरे त्या टोकाच्या खाली घसरतात आणि गाडी आणखी मरगळते. ४.३ वर त्याच वेगाला फेरे २,९०० असतात. वेग थोडा उतरला तरी इंजिन आपल्या बळाच्या जागेकडेच सरकते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, चालविणाऱ्याला तो पहिल्याच चढावर जाणवतो. मूळ स्थितीतील १,२५० घनसेंटिमीटरच्या इंजिनासाठी आमच्या मते ४.३ हा शहाणपणाचा आकडा आहे. बहुतांश प्रवास सपाटीवर असेल आणि इंजिन नव्याने बांधलेले असेल, तर ४.१ चा विचार करावा. ३.९ हे गुणोत्तर टीएफच्या मोठ्या, १,४६६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला किंवा तितकी ताकद दुसऱ्या मार्गाने मिळविलेल्या इंजिनालाच शोभते.

३.९ च्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद मात्र दखल घेण्याजोगा आहे. टीडीच्या तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.३८५ आहे. त्याला ३.९ ने गुणले तर ५.४ येते, जे मूळच्या टॉप गिअरच्या फारसे दूर नाही. म्हणजे जुना टॉप गिअर तिसऱ्याच्या जागी जवळपास शाबूत राहतो आणि चौथा केवळ सपाट महामार्गासाठी मोकळा होतो. ज्याला गिअर बदलण्याचा कंटाळा नाही त्याने हा मार्ग धरायला हरकत नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५; मूळ ॲक्सलसह ते सुमारे १७.९ होते, ३.९ सह १३.७. दोन माणसे बसवून चढावर थांबलेली गाडी हलविताना क्लच तेवढा अधिक घासावा लागतो. शहरातल्या गर्दीत, सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या मोटारीला हा जाच रोजचा.

मोठ्या भावंडांची गोष्ट वेगळी

एमजीएला ४.३ ऐवजी एमजीबीचे ३.९ बसविणे हा या क्षेत्रातील सर्वांत निर्धोक बदल म्हणता येईल. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एमजीबीच्या उघड्या मोटारींत एमजीएच्याच घडणीचा ॲक्सल होता, त्यामुळे मधला भाग अख्खाच्या अख्खा बदलता येतो. ताशी १०० किलोमीटरचे फेरे सुमारे ३,६५० वरून ३,३०० वर येतात. एमजीएचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन हे ओझे सहज पेलते. मराठी वाचकाला हे इंजिन तसे अनोळखी नाही : बीएमसी कंपनीच्या याच बी-मालिकेतील १,४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन हिंदुस्थान ॲम्बॅसॅडरमध्ये अनेक वर्षे होते. माणसे आणि सामानसुमान भरलेली ॲम्बॅसॅडर घाट कशी चढत असे, हे ज्यांना आठवते त्यांना या इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतील चिवटपणाविषयी वेगळे सांगायला नको.

एमजीबीच्या मालकाने मात्र ॲक्सलला हात लावण्याआधी ओव्हरड्राइव्हकडे पाहावे. गिअरबॉक्सच्या मागे बसणारी ही यंत्रणा एका खटक्यावर टॉप गिअरचे गुणोत्तर सुमारे ०.८ करते. तिच्याविना एमजीबी ताशी १०० किलोमीटरला जवळपास ३,५०० फेरे घेते, तिच्यासह २,८००. खालचे गिअर जसेच्या तसे राहतात. याउलट, आठ सिलिंडरच्या एमजीबी जीटी व्ही-८ चे ३.०७ गुणोत्तर चार सिलिंडरच्या मोटारीत घालण्याचा मोह काहींना होतो. त्या मोटारीत ३,५२८ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. निम्म्या आकाराच्या इंजिनाकडून तीच चाल मागितली तर ओढ एकवीस टक्क्यांनी घटते आणि वर ओव्हरड्राइव्हही असेल तर शंभराच्या वेगाला इंजिन २,२०० फेऱ्यांवर कुंथू लागते. वारंवार खालचा गिअर टाकावा लागला तर वाचवलेले फेरे कुठे गेले, हे ज्याचे त्याने पाहावे.

टीडी आणि एमजीएसाठीही पाच गिअरांचा पर्याय उपलब्ध आहे. फोर्ड सिएरा मोटारीतील टाइप-९ गिअरबॉक्स अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बसविला जातो. त्याचा पाचवा गिअर ०.८२ आहे. टीडीचा मूळ ५.१२५ चा ॲक्सल कायम ठेवूनही पाचव्यात प्रत्यक्ष गुणोत्तर ४.२ च्या जवळ येते, शिवाय पहिला गिअर जड होत नाही. तांत्रिकदृष्ट्या हाच उत्तम उपाय आहे, हे मान्य करावे लागते. खर्च मात्र जास्त, आणि जुन्या गिअरबॉक्सचा तो विशिष्ट सूर, ज्यासाठी काही जण अशी गाडी घेतात, तो जातो.

घाटातला हिशेब

इंग्लंड-अमेरिकेतील सल्ले आपल्याकडे आणताना सह्याद्री मध्ये उभा असतो, याचा विसर पडू नये. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या जुन्या मोटारीला सपाटीवर लहान आकडा हवासा वाटतो आणि खंडाळ्याच्या चढावर तोच नकोसा होतो. चढताना फार तर वेळ लागतो, इंजिन तापते. उतरतानाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ॲक्सलचे गुणोत्तर लहान केले की इंजिनाचा ब्रेकही त्याच प्रमाणात दुबळा होतो. टीडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत. लांब उतारावर ते तापले की त्यांची पकड सैल पडते. पूर्वी जो उतार टॉपमध्ये उतरता येत असे, तेथे आता तिसरा टाकूनच गाडी सोडावी.

वेगाचा काटा हा आणखी एक सापळा आहे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते, चाकांकडून नव्हे. ॲक्सल बदलल्याची तिला खबर नसते. ५.१२५ च्या जागी ४.३ घातले तर गाडी प्रत्यक्षात ताशी १०० किलोमीटरने जात असताना काटा ८४ वरच राहतो. वेगमर्यादा मोडल्याचा दंड हा त्यातला लहान धोका. काटा ८० दाखवीत असताना आपण ९५ ने वळणात शिरतो आहोत, हा मोठा. स्मिथ्स कंपनीच्या बहुतेक जुन्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर खाली एक बारीक आकडा छापलेला असतो. एक मैल अंतरासाठी केबलने किती फेरे घ्यावेत, याचा तो आकडा. जाणकार दुरुस्तीवाल्याकडून तो नव्या गुणोत्तराशी जुळवून घेता येतो, किंवा केबलच्या मध्ये लहानशी गिअरची डबी बसविता येते.

मोजमाप आधी, पाने नंतर

खर्चाला हात घालण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, चालकाला आसनावर बसवावे, मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून गाडी सरळ ढकलावी. चाकाचे दहा फेरे पूर्ण झाले की अंतर मोजावे आणि दहाने भागावे. टीडीच्या बाबतीत उत्तर दोन मीटरच्या थोडे खाली येते. मिनिटाचे फेरे गुणिले हे अंतर, गुणिले ६०, भागिले गुणोत्तर, भागिले १,००० : उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. अनेकदा असे आढळते, की आधीच्या मालकाने लहान घेराचे रेडियल टायर चढवलेले असतात आणि फेरे त्यामुळेच वाढलेले असतात. योग्य मापाच्या टायरने तीन-चार टक्के फरक पडत असेल, तर तो आधी पदरात पाडून घ्यावा.

आपल्या गाडीत सध्या कोणते गुणोत्तर आहे, हेही कागदपत्रांवरून गृहीत धरू नये. इतक्या वर्षांत कोणी काय बदलले याचा नेम नाही. दोन्ही मागची चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, ती दोन्ही एकाच वेळी बरोबर दहा फेरे फिरवावीत आणि मधला दांडा किती वेळा फिरतो ते मोजावे. एक्कावन्नच्या वर आकडा आला तर ५.१२५, त्रेचाळीस आला तर ४.३. यात चुकीला फारशी जागा नाही.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात. एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन असा संसार टिकत नाही. जुनी जोडी विकत घेताना दोन्हींवरील जुळणीचे क्रमांक पाहावेत, दातांच्या कडांवर टवके किंवा खड्डे आहेत का ते तपासावे. बसविताना पिनियनची खोली, बेअरिंगवरील आवळ आणि दोन चाकांमधील सूक्ष्म खेळ हे तिन्ही पातळ चकत्यांनी साधावे लागतात. दातांना रंग लावून एकमेकांवर उमटणारा ठसा मध्यावर येतो की कडेला, यावरून काम पारखले जाते. हे घरच्या अंगणात करण्याचे काम नव्हे. ठसा कडेला राहिला तर ॲक्सल ठराविक वेगाला रडू लागतो आणि इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठी केलेल्या खर्चातून दुसराच आवाज पदरी पडतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यात वाहन मूळ स्वरूपात असण्यावर भर असून, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ॲक्सलच्या आतील जोडी बाहेरून दिसत नाही आणि केव्हाही पूर्ववत करता येते, हा या बदलाचा मोठा फायदा. त्यासाठी मूळची क्राउन-पिनियन जोडी चकत्यांसह, ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळून आणि दातांची संख्या लिहिलेली चिठ्ठी बांधून जपून ठेवावी. गाडी पुढे विकली गेलीच, तर तो डबा गाडीबरोबर द्यावा.

नव्या जोडीत हायपॉइड गिअरसाठीचेच तेल घालावे. पहिले काही शे किलोमीटर वेग बदलता ठेवून, जोर न लावता गाडी चालवावी, मध्ये थांबून ॲक्सलची कोठी हाताला किती गरम लागते ते पाहावे, आणि त्यानंतर ते तेल काढून पुन्हा नवे भरावे. निघालेल्या तेलात बारीक चमक दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. कण बोटाला टोचू लागले तर मात्र कोठी पुन्हा उघडावी लागेल.